आधी सांगणं, मग हार

भोरकर मंडळी, आणि माझ्यासंगं वेल्ह्याकडनं एसटीनं आलेल्या गावकऱ्यांनो,

मला बोलाय उभं केलंय. तात्या गेले. आपले मूर्तिकार तात्या. त्यांच्याच कारखान्याच्या अंगणात आपण बसलोय आणि समोर त्यांचा फोटो हाय. फोटोला अजून हार न्हाई. पोरं घालाय निघाली व्हती, म्याच थांबवलं. का, ते सांगते.

आमच्या गावात पारापाशी सरनाईकांचा पुतळा हाय. तात्यांनीच केलेला, दुष्काळाच्या साली. जुन्या काळात सरनाईकांनी एकट्यानं गडाचा दरवाजा धरला, हे शाळेतली पोरंबी सांगतात. पण ह्याच सरनाईकांनी आमची वरची वाडी जाळली. का? तर आमची माणसं वेठीला जाईनात म्हणून!

पुतळा व्हणार म्हटल्यावर माझं टाळकंच सरकलं. आले तडक हितं, भांडायला. आत पाऊल टाकलं, तर शाडूचा सरनाईक समोर उभा. पाय रोवलेले, छाती पुढं, पाठ दाराला लावलेली. भांडण ऱ्हायलं बाजूला. माझ्याच तोंडून गेलं, "लई देखणा झालाय मेला!"

तात्या हसले. म्हणाले, "दार धरलं त्या दिवशी तो असाच दिसला असंल. तेवढा दिवस म्या केला. वाडी जाळली ते तरी का लपवायचं? दरसाल पुतळ्यापुढं उभी राहा. आधी सगळं सांग, मंग हार तूच घाल."

"आणि न्हाई घालावासा वाटला तर?"

"तर नगं घालू. कोण जबरदस्ती करतंय?"

मंडळी, दरसाल सांगते. दरसाल हारबी घालते. सांगून झालं की मान वर करून त्या छातीकडं बघते आणि मला अभिमान वाटतो. व्हय, मला, वरच्या वाडीच्या बाईला! असा पुतळा आणि असं सांगणं दुसरीकडं कुठं हाय? दाखवा की.

आज सकाळपासून जो तो माझ्या कानाशी लागलाय. "बाई, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नका." का वो? सरनाईकांचं बोलायचं आणि तात्यांचं झाकायचं? मंग तात्यांनी शिकवलं काय आमाला?

तर ऐका. सख्खा थोरला भाऊ गेला, मागच्याच गल्लीत, आणि तात्या मातीला गेले न्हाईत. त्या दिवशी ह्याच पुतळ्याचं सिमेंट साच्यात ओतायचं चाललं व्हतं. "मधी सोडलं तर तडा जाईल," म्हणाले. दुपार टळेपर्यंत मयत ठेवलं. धाकटा भाऊ आला न्हाई. थोरल्या वहिनींनी त्यानंतर तात्यांना कधी दारात घेतलं न्हाई.

आणि तरी सांगते, असा हात ह्या मुलखात पुन्हा व्हायचा न्हाई. हट्टी, तापट, आणि लई मोठा माणूस. वाडीनं पिढ्यान् पिढ्या गिळलेलं चारचौघांत बोलाय लावलं, ते ह्यानं.

हे आज बोलू का, म्हणून सकाळी एसटीतनं उतरून आधी थोरल्या वहिनींकडं गेले. त्या ओट्यावर शेवंतीची फुलं ओवत बसल्या व्हत्या. वर न बघता म्हणाल्या, "सगळं सांग. कमी करू नगंस."

सांगून झालं, वहिनी. उठा आता.

मंडळी, आपणबी उभं राहू. वहिनी फोटोपर्यंत जाऊन हार घालत्यात तोवर कुणी बोलू नका.