दोनचं गेट

हाटपिपल्याच्या कीर्तनाचा गोडवा अजून कानांत होता. सोनकच्छला देवासच्या गाडीत बसून चारुलताबाई मनातल्या मनात टाळ धरत होत्या, तोच पुढच्या बाकावरच्या जोडप्याचं बोलणं कानी आलं.

"भिया, काढा की गाडी! दोनला फॅक्टरीचं गेट बंद होतं."

"सवारी भरल्याबिगर नाही, भगवंत भिया. घाई असेल तर सरकारी बस धरा," ड्रायव्हर म्हणाला.

"ती बंद होऊन वीस वर्षं झाली."

"अहो, एक दिवस उशीर झाला तर काय होतं?"

"पार्वती, बारा वर्षं ठेक्यावर आहे मी. गेटबाहेर रोज पोरं उभी असतात. मी दिसलो नाही, की ठेकेदार त्यांतल्या एकाला आत घेतो. मग तोच राहतो."

"आपला पीयूषही तिथंच असतो ना?"

"असतो. कुणीतरी आज न येवो, म्हणून देवाला हात जोडतो."

गाडी हलली, पण दोन वाटेतच वाजले. थोड्या वेळानं पार्वतीचा फोन किणकिणला.

"आई, मला आत घेतलं! तीन नंबरच्या प्रेस मशीनवर!"

भगवंतानं फोन घेतला.

"बेटा, ती प्रेस माझीच. उजवीकडून ओढते. हात सांभाळ."