पन्नाशीतली हौस

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. दोघांच्याही खिशावर एकाच शाळेच्या बसचा बिल्ला होता. त्याच्यावर ‘चालक’, तिच्यावर ‘मदतनीस’.

“गाडी शिकतेयस म्हणे?”

“हो.”

“पन्नाशीत ही कसली हौस?”

“असते एकेकीला.”

“पुढच्या सीटवर बसलीस तरी डोळे मिटून घ्यायचीस. खरं काय ते सांग.”

“हौसच म्हणा.”

“मला न विचारता?”

“आणि तुम्ही? या तपासणीसाठी अक्षरांचा तक्ता घोकताय, तो मला विचारून?”

“हळू बोल.”

“आंघोळ करताना घोकता. भिंतीला कान असतात, मलाही आहेत.”

“मग काय झालं?”

“काल फाटकापाशी ती चिमुरडी उभी होती. मी किंचाळले, तेव्हा तुम्ही ब्रेक दाबलात.”

“दाबला ना?”

“ती दिसली होती का तुम्हाला?”

“आता तो विषय कशाला?”

“सांगा ना. दिसली होती?”

“बस सोडली तर घर कोण चालवणार?”

“आता कळली का माझी हौस?”

तेवढ्यात आतून हाक आली. “या काका, समोर बसा. वरच्या ओळीपासून वाचा.”

तो उठला आणि दारातच थांबला.

“सिस्टर, हा तक्ता मला पाठ आहे. दुसरा लावा.”