टिकणारे टायर

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत एक शिक्षिका टायरच्या दुकानातल्या बाकड्यावर टेकली होती. समोर एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची मोठी मुलगी दुकानदाराशी बोलत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं तिच्या कानावर पडत होतं.

“रविवारी हौस म्हणून ट्रॅकवर गाडी पळवतो मी. स्वस्तात बसतील आणि टिकतील असे टायर दाखव.”

“मग हे कडक रबराचे घ्या, काका. तीन वर्षं बघायला नको. मऊ रबराचे वळणावर घट्ट धरतात, पण एका हंगामात झिजून जातात.”

“कडकच दे.”

“बाबा, मऊ घ्या ना.”

“तीन वर्षं टिकणारे सोडून?”

“गेल्या रविवारी थांबायचा झेंडा दाखवला, तो दिसला तुम्हाला?”

“ऊन होतं डोळ्यांवर.”

“आभाळ भरलं होतं, बाबा.”

दुकानदार उगाचच टायरवरची धूळ पुसू लागला. शिक्षिकेनं रस्त्याकडे मान वळवली.

“डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुलाही सांगितलं वाटतं.”

“मीच विचारलं त्यांना.”

“हं. मग तर टिकणारेच हवेत. पुढं गाडी तूच चालवशील.”

“मी नाही चालवणार. तुमच्याशिवाय त्या ट्रॅकवर माझ्याच्यानं पाऊल टाकवणार नाही.”

स्कूटर तयार असल्याची हाक आली, तरी शिक्षिका जागची हलली नाही.

“मऊच दे रे,” वडील शेवटी म्हणाले. “एवढा हंगाम निघाला की झालं.”