मागच्या दारापुढची खोकी

(दवाखान्याचा जिना, दुपारची वेळ. बहीण बुटांच्या कारखान्यात कामाला आहे. धाकटा भाऊ कारखाने तपासणारा सरकारी अधिकारी.)

ताई: आत जायला पायच उचलत नाही रे माझा. आगीत सापडलेल्या त्या नव्या बाईला तू भेटलास?

भाऊ: भेटलो. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. छातीत धूर गेलाय, बोलताना धाप लागते. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलं.

ताई: टळलं ना? देव पावला. आता नीट ऐक. उद्या तुमच्यातला दुसरा साहेब जबाब घ्यायला येतोय. मॅनेजरने आम्हा सगळ्यांना पढवून ठेवलंय. मागचं दार कायम मोकळं असतं, आग बघून नवी बाई घाबरली आणि वाट चुकली. याच्यापुढे एक शब्द नाही.

भाऊ: आणि तू तेच बोलणार?

ताई: नाही तर काय बोलू? दारापुढे खोक्यांची रास असते म्हटलं, की पहिला प्रश्न येईल, मग गेल्या गुरुवारी तुझ्या भावाने तपासलं तेव्हा ती कुठं गेली होती?

भाऊ: कुठं गेली होती?

ताई: आता माझ्याच तोंडून वदवून घे. तूच फोनवर म्हणालास ना, गुरुवारी तुमच्याकडे तपासणीला येतोय, दुपारी तुझ्या डब्यातलं खाईन. माझ्या पोटात राहतंय होय? आमचा बारक्या साहेब होऊन येतोय, म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. मॅनेजरने तेवढंच उचललं. म्हणाला, दोन माणसं लावून मागची बाजू मोकळी करतो. मी म्हटलं, माणसं कशाला, मी आहे की. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसंच. खोकी गाडीत भरली, दार पुसलं, कडीला तेल घातलं. आणि संध्याकाळी सगळ्या घरी गेल्यावर खोकी परत जागेवर. तीही मीच लावली.

भाऊ: ताई, मला दिसलं होतं.

ताई: काय दिसलं होतं?

भाऊ: सगळी फरशी तळवे चिकटवायच्या सोल्यूशनच्या डागांनी काळी, आणि दारापुढे खोक्यांएवढे स्वच्छ चौकोन. खोकी नुकतीच हलवलीत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ताई: मग बोलला का नाहीस?

भाऊ: तू शेजारी उभी होतीस, ठेवणीतले कपडे घालून. मॅनेजर म्हणत होता, ताईंचे भाऊ म्हणजे आमच्या घरचेच. मला वाटलं, आज लिहिलं तर उद्या हिला काढतील. म्हटलं, पुढच्या खेपेला न सांगता येऊ, तेव्हा लिहू. खरं तर बहीण तिथं कामाला आहे हे ऑफिसात सांगून मी येणंच टाळायला हवं होतं.

ताई: म्हणजे मी लपवत होते आणि तू बघून न बघितल्यासारखं करत होतास. वर दोघं डबा उघडून हसत जेवलो. लाज वाटते रे मला.

भाऊ: मलाही. म्हणून आज सकाळी वरच्या साहेबांना सांगून टाकलं सगळं.

ताई: अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नोकरी जाईल.

भाऊ: जाईल बहुतेक. खरं बोललीस तर तुझीही जाईल.

ताई: मग मी कशाला तोंड उघडू? एक जण सुळावर चढला तेवढं पुरे की.

भाऊ: मी फक्त त्या एका दिवसाचं सांगू शकतो. एरवी ती वाट बंदच असते, हे तिथं काम करणाऱ्या कुणीतरी सांगायला हवं. नाही तर बाईच वाट चुकली असं लिहून मोकळे होतील.

ताई: पण ती गेलीच कशाला तिकडे? आम्हा जुन्या बायकांना ठाऊक होतं, मागून वाट नाही. आम्ही पुढून पळालो. तिचं टेबल तर अगदी पुढं. पुढचं दार सोडून ही बया उलटी धुरात शिरली. बाहेर आल्यावर मी माणसं मोजलीसुद्धा नाहीत. वाटलं, आली असेल.

भाऊ: मी विचारलं तिला.

ताई: काय म्हणाली?

भाऊ: गुरुवारी निघताना मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, आग लागली तर पुढे गर्दी करू नका, मागच्या दाराने निघा. तुम्ही जुन्या नुसत्या माना डोलावत होतात. ती नवी, मन लावून ऐकत होती. आता म्हणते, साहेब, तुम्ही सांगितलं तशीच गेले मी. खोकी ओढत बसले, तोवर ती पेटली. माझं काही चुकलं का?

ताई: मग तू काय म्हणालास?

भाऊ: आराम करा म्हटलं. आणि बाहेर आलो.

ताई: ऊठ.

भाऊ: कुठं?

ताई: आत. उद्याचा जबाब मी देते, काय व्हायचं ते होवो. पण त्या साहेबाच्या आधी तिला कळायला हवं.

भाऊ: काय सांगायचं तिला?

ताई: तिचं काही चुकलं नाही, एवढं तू सांग. खोकी कुणी लावली ते मी सांगते.