कुंपणामागचे चेंडू

क्लीव्हलंडच्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी वेंडेल हा बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा निवृत्त पिचर आणि त्याचा मित्र ऑर्विल बसले होते. नर्स फॉर्म भरत होती.

“वेंडेल, एकूण किती सामन्यांत चेंडू टाकलेत?”

“एकोणीस.”

“नऊ वर्षांत एकोणीसच? तेवढ्यानं खांदा झिजला?”

“बाई, हा बदली पिचर,” ऑर्विल मध्येच म्हणाला. “ मुख्य पिचर डगमगला की प्रशिक्षकाचा फोन यायचा, ‘वेंडेलला तयार ठेव.’ मग मैदानाच्या कडेला कुंपणामागे हात गरम करायला हा चेंडू टाकायचा, मी झेलायचो. तेवढ्यात मुख्य सावरायचा, की हा परत बाकावर. रोजचंच.”

“त्या चेंडूंची नोंद?”

“माझ्या या बोटात. बघा कसं वाकलंय.”

“ऑर्विल!” वेंडेल ओरडला. “हे कधी मोडलं?”

“अठ्ठ्याहत्तरात.”

“बोलला का नाहीस, गाढवा?”

“बोललो असतो, तर तू हळू टाकले असतेस, हात नीट गरम झाला नसता. आणि नेमकं त्याच दिवशी तुला मैदानात बोलावलं असतं तर?”