नाकानं पास केलेला माल

माझं नाव इब्राहिम, रूमवर सगळे चाचा म्हणतात, तुमीपण चाचाच म्हणा ताई, साहेब-बिहेब नको. गाव आमचं रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला, गावाचं नाव मात्र लिहू नका, कारण पुढं जे सांगणार हाय ते गावात कुणाला ठाऊक नाय, घरच्यांनापण नाय. बावा माझा, म्हणजे बाप, जाळी विणायचा. आता जाळं म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर नायलॉन येईल, तसं नाय, तवा तागाचं जाळं असायचं, ताग म्हणजे माणसापेक्षा उंच वाढणारा, पिवळ्या फुलांचा, तो कापायचा, पेंढ्या बांधायच्या, ओढ्याच्या डोहात बुडवून वर दगड ठेवायचे आणि मंग दिवस मोजत बसायचं. एक दिवस आधी काढला तर साल सुटत नाय, एक दिवस उशीर झाला तर धागाच कुजतो आणि जाळं पयल्याच मोठ्या माशाला फाटतं. बावा हातानं बघायचा नाय. पेंढी वर ओढायचा, नाकाला लावायचा आणि म्हणायचा, उद्या. नायतर म्हणायचा, आज. मलापण लावायचा हुंगायला, सांग, नुसता मुरलाय की कुजलाय, आणि चुकलो की टपली. तुमाला दोन्ही सारखाच घाण वास येईल, पण दोन्ही येगळे हायत, येगळे म्हणजे अगदी येगळे.

मंग नायलॉन आलं आणि बावाचं काम गेलं. त्याची गोष्ट लांब हाय, ती नको. मी तीस वर्षांमागं कतारला, दोह्याला आलो, नजम्यात, म्हणजे इथल्या जुन्या वस्तीत, एका खोलीत आठ माणसं, अजूनही तिथंच, माणसं बदलली, खोली तीच. आमच्या अरबाबचं, म्हणजे मालकाचं, गोडाऊन सनय्यात, सगळ्या कारखान्यांचा भाग हाय ना तो, तिकडं. माल काय, तर गोणपाट, सुतळी, पोती, आणि नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तो धागा. लोकांना वाटतं या देशात असल्या मालाचं काय काम, इथं तर झाड उगवत नाय. अवो, तुमी त्या पर्लमधी, बड्या लोकांच्या बेटावर राहता ना, तिथल्या इमारतींच्या स्लॅबवरपण आमचं गोणपाट अंथरलेलं होतं, नवीन सिमेंट टाकलं की त्याच्यावर गोणपाट घालून दिवसभर पाणी मारत राहायचं, नायतर इथल्या उन्हात स्लॅब तडकतो. तुमच्या पायाखाली किती ताग वाळलाय ते तुमाला काय ठाऊक.

पयली दोन वर्षं मी नुसती गठ्ठ्यांची उचल-ठेव केली. मंग एक दिवस कंटेनर उघडला आणि मी म्हटलं, हा माल आत कुजलाय. वरून एकदम सोन्यासारखा. मॅनेजर म्हणाला, तू हमाल हायस, तुला कोण विचारतो. पण अरबाब तिथंच उभा होता, म्हणाला, कापा. कापला तर मधी काळा. त्या दिवसापासून अरबाबनं मला नाव ठेवलं बू खशम, खशम म्हणजे नाक, नाकवाला म्हणा. तेव्हापासून गोडाऊनात येणारा सगळा माल माझ्या नाकाखालून जायचा, मी मान हलवली की आत, नाय हलवली की परत.

काय सांगू तुमाला, मी शाळा चौथी, पण दुनियेचा नकाशा मला नाकानं पाठ. बांगलादेशचा ताग वाहत्या पाण्यात मुरवलेला असला तर त्याला नदीच्या गाळाचा वास, कलकत्त्याकडचा तळ्यातला, तो जरा आंबूस. मिसरमधून, म्हणजे इजिप्तवरनं, जवसाचा धागा यायचा, आपण जवसाची चटणी खातो ना, तेच झाड, पण तिकडं बोंडासाठी नाय, काडीसाठी लावतात, त्याला वाळल्या गवताचा वास. तसाच फ्रान्सचा, पण जास्त गोडसर. चीनचा एक यायचा आपल्या अंबाडीसारखा, त्याच्या वासाला मी नाव नाय देऊ शकलो, पण डोळे बांधून दिलात तरी ओळखला असता. आणि हे सगळं कदी एका जागी थांबत नाय, एका देशात पाऊस कमी झाला की मुरवायला पाणी नाय, दुसऱ्या देशात पूर आला की पीक गेलं, तिसरा देश म्हणतो आमच्या गिरण्यांनाच पुरत नाय, बाहेर देणार नाय, आणि मंग माल भलत्याच देशातून येतो, दुबईत उतरतो, तिथं कागद बदलतात, आणि आमच्याकडं येईपर्यंत त्याची जात-पात कुणाला ठाऊक नसते. म्हणून नाक लागतं. कागदावर सगळा माल चांगलाच असतो.

माझ्याबरोबर मोफिजभाई होता. बांगलादेशचा. फोर्कलिफ्ट चालवायचा, थप्प्या लावायचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याच्या घरी तागाचीच शेती, छातीभर पाण्यात उभं राहून ताग सोलत मोठा झालेला माणूस. आमचं भांडण रोजचं. तो म्हणायचा, भाई, तुमच्या मुलकात ताग होतो का, तुमी तर फुलं बघायला लावता. मी म्हणायचो, तुमचा ताग बरा हाय, त्याला नुसतं नदीचं पाणी लागतं, माणसाला अक्कल नसली तरी पिकतो. जेवायला मात्र एकाच ताटात. अठरा वर्षं.

मंग ती साथ आली. आमच्या खोलीत आठ जणांना एकदम ताप, दरवाजाबाहेर डबे ठेवून जायचे. मला फार काय झालं नाय, दहा दिवसांत उठून बसलो. मंग एकदा खोलीतल्या एका पोरानं सुके बोंबील भाजले, सगळे खोकत बाहेर पळाले, शेजारचे येऊन शिव्या देऊन गेले, आणि मी आपला पलंगावर बसलेलो, मला काय म्हणता काय आलं नाय. मी उठलो, बोंबील नाकाला लावला. अत्तराची बाटली उघडली. घासलेटाचं झाकण काढलं. काय नाय. मला वाटलं येईल आठवड्यानं. आठवडा गेला, महिना गेला, वर्ष गेलं. डॉक्टर म्हणाला, काही लोकांचं येतं, काही लोकांचं येत नाय. तो हसून बोलत होता, त्याच्या दृष्टीनं मी वाचलेला माणूस.

मी कुणाला सांगितलं नाय. कसं सांगू. दुसऱ्याचा हात मोडला तर दिसतो, माझं नाक जाग्यावर होतं. मी माल तसाच नाकाला लावायचो, डोळे मिटायचो, थोडा वेळ थांबायचो आणि हाताच्या अंदाजावर मान हलवायचो. धागा तुटतो कसा, अंगठ्याखाली खरखर किती, त्याच्यावरून बरंचसं कळतं, पण सगळं कळत नाय. मोफिजभाईला पंधरा दिवसांत कळलं. त्यानं एकदा मुद्दाम ओला कुजका तुकडा माझ्यासमोर धरला आणि मी म्हटलं, चांगला हाय. त्यानं तुकडा खिशात घातला. दुसऱ्या दिवसापासनं कंटेनर उघडला की तो माझ्या आधी आत जायचा, माल हुंगायचा आणि माझ्या बाजूनं जाताना हळूच सांगायचा, ठीक हाय, नायतर, हा नको. आणि मंग मी सगळ्यांसमोर नाकाला लावून मान हलवायची. दोन वर्षं, ताई. दोन वर्षं मी त्या माणसाच्या नाकावर पगार खाल्ला आणि त्यानं एकदा बोलून दाखवलं नाय.

आता त्या दिवसाचं. तागाला गिरणीत मऊ करायला तेल लावतात. साध्या पोत्याला खनिज तेल, त्याला घासलेटासारखा वास, सिमेंट-बिमेंट भरायला चालतं. पण खायच्या मालाच्या पोत्याला तेल लागतं ते वनस्पतीचं, कारण कॉफी म्हणा, वेलची म्हणा, बाजूचा वास ओढून घेते. आमचं एक गिऱ्हाईक कॉफीवाला, त्याला खायची पोती पायजे होती, आणि नेहमीच्या गिरणीनं त्या साली हात वर केले, ताग नाय म्हणून. माल दुसऱ्याच कुठून आला. कागदावर लिहिलेलं, खायची पोती. कंटेनर आला त्या दिवशी मोफिजभाई आयडी रिन्यू करायला मेडिकलला गेला होता. मॅनेजर म्हणाला, यल्ला चाचा, चल लवकर, गाडी थांबलीय. मला म्हणता आलं असतं, उद्या बघतो. बावा नाय का म्हणायचा, उद्या. एक शब्द. पण सगळे बघत होते, आणि मला वाटलं, दोन वर्षं झाली, हाताला आता सवय झालीय, आपण काय अगदीच आंधळे नाय. पोतं उचललं, नाकाला लावलं, डोळे मिटले. हाताला मऊ लागलं. मान हलवली.

तीन आठवड्यांनी अरबाबच्या घरी, मुऐदरला, मजलिसमधी, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पाहुणे बसलेले, आणि त्याच कॉफीवाल्याची कॉफी आलेली. पयला घोट घेतला आणि सगळ्यांनी फिंजान, ते कॉफीचे छोटे कप, खाली ठेवले. घासलेट. पाहुण्यांसमोर. दुसऱ्या दिवशी अरबाब स्वतः गोडाऊनात आला. मॅनेजरनं शोधाशोध केली तर त्या थप्पीच्या मागं डिझेलचा कॅन सापडला, जनरेटरचा, झाकण सैल. थप्पी त्या दिवशी दुसऱ्यानं लावलेली, पण थप्प्यांची जबाबदारी कुणाची, मोफिजची. कॅन कुणी ठेवला, मोफिजनं. कॅन तिथं सहा वर्षं तसाच होता, पण ते कोण ऐकतो. अरबाबनं मला बोलावलं, सगळ्यांसमोर विचारलं, बू खशम, माल आला तवा वास होता का.

मोफिजभाई माझ्याकडं बघत होता. रागानं नाय, ताई. नुसता बघत होता. मला ठाऊक होतं की मी नाय हुंगला म्हटलं तर मी उद्या विमानात. माझ्या बायकोचं डायलिसिस चालू होतं, असं मी स्वतःला सांगतो, पण खरं सांगू का, त्या वेळेला बायको डोक्यातच नव्हती. डोक्यात एकच, एवढ्या माणसांसमोर मी नकटा ठरणार. मी म्हटलं, वास नव्हता, मी स्वतः हुंगलाय, माल साफ होता.

आणि तो गप्प राहिला. त्यानं नुसतं एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, की याला वास येत नाय, बोंबील आणा आणि बघा. बोलला नाय. चार दिवसांत त्याचा व्हिसा क्यान्सल. निघताना मी त्याची बॅग उचलायला गेलो, तर म्हणाला, भाई, राहू दे, जड नाय.

वर्षभर मी गप्प बसलो. बायको गेली त्या हिवाळ्यात. मंग मला वाटलं आता कुणासाठी लपवायचं, आणि एका शुक्रवारी मुऐदरला गेलो, अरबाबसमोर बसलो आणि सगळं सांगितलं, नाक, साथ, मोफिज, सगळं. वाटलं थोबाडीत देईल, हाकलून देईल, मला तेच पायजे होतं. त्यानं शांतपणे ऐकलं. मला कॉफी ओतून दिली. म्हणाला, खलास, इब्राहिम, झालं ते झालं, माणूस गेला, गिऱ्हाईक परत आलंय, आता हे बाहेर काढलंस तर लोक म्हणतील यांचा माल बिननाकाचा माणूस पास करतो. तू तुझं काम कर. मी म्हटलं, मोफिजला परत बोलवा. तो म्हणाला, इन्शाल्ला. त्या इन्शाल्लाचा अर्थ इथं राहून मला कळतो, तोंडावर नाय न म्हणता नाय म्हणायची रीत. कॉफी चांगली होती म्हणे, मला तर गरम पाणी लागलं.

मोफिजभाईचा नंबर एका बंगाली ड्रायव्हरकडनं मिळाला. मी लावला. मनात सगळं जुळवलेलं, पाया पडतो, माफ कर, शिव्या दे. त्यानं सलाम केला आणि पयलाच प्रश्न काय, भाई, नाक आलं का. मी म्हटलं, नाय आलं. तो म्हणाला, येईल, अल्ला देईल. मी म्हटलं, मी अरबाबला खरं सांगितलं. तो म्हणाला, अब क्या फायदा, भाई. तेपण रागानं नाय. शिवी दिली असती तर मला झोप तरी लागली असती. गावात त्याला कुणी धंद्यात घेत नाय, कतारवरनं काढलेला माणूस, कायतरी केलं असणार, असं म्हणतात. जमीन भावांनी वाटून घेतली. आता तो दुसऱ्यांच्या ताग मुरवायच्या पाण्यात उतरतो, रोजावर, बावन्नाव्या वर्षी, छातीपर्यंत, दिवसभर ताग सोलतो. थंडी वाजते म्हणाला. पुन्हा लावला तर फोन लागत नाय.

तुमी लिहा ताई, लपवून काय उरलंय आता. मी अजून तिथंच हाय. गेल्या आठवड्यात बांगलादेशचा माल आला, त्याच्या जिल्ह्यातला, गठ्ठ्यावर लिहिलेलं होतं. सगळे उभे होते, मी एक लड उपसली आणि नाकाला लावली. रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ लावून धरली. त्यात त्याच्या हातनं सोललेला ताग असेल, नसेल. मला काय कळणार. मी मान हलवली, आणि माल आत गेला.