बरणी बंदच ठेवा, विहीणबाई

...नाही, नाही, बरणी उघडू नका, विहीणबाई. बंदच ठेवा. आधी बसा तरी. एवढ्या उन्हातून आलात ते काय उभ्या उभ्या मासा घेऊन जायला? कुरिअरवाल्यासारखं? तोसुद्धा पाणी पितो हो दारात. बसा. त्या खुर्चीवर नको, ती टाकीच्या फार जवळ आहे, नवं माणूस दिसलं की बिथरतो तो. इकडे, सोफ्यावर. हां. आता सांगा – नको, सांगू नका, मला कळलंय. लेक म्हणाली असेल, ‘आई, माझा मासा तेवढा घेऊन ये.’ मासा तेवढा! या घरात तिचे कपडे आहेत, पुस्तकं आहेत, नवरा आहे – आमचे चिरंजीव, हो, तेही इथंच असतात, मोबाईलमधून डोकं वर काढलं की दिसतात – पण आठवण कुणाची झाली, तर माशाची. चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणाली होती. ते चार दिवस काही संपेनात. आम्ही विचारलं का? नाही विचारलं. आमच्यात विचारत नाहीत, आमच्यात नुसतं कॅलेंडरकडे बघतात. घ्या, चहा घ्या. पत्ती लागेल तोंडाला, जरा खाली बसू द्या आणि मग प्या. गाळणी नाहीये घरात. आहे, पण नाहीये. सांगते नंतर.

बघा कसा मिरवतोय. निळाशार, आणि शेपटी केवढी, तर अंगापेक्षा मोठी. फायटर मासा! तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमच्याच घरून आलाय. लोकांच्या सुना येताना सामान आणतात, आमची सून मांडीवर काचेचं भांडं घेऊन आली, त्यात हे महाराज. एकटेच. दुसरा ठेवायचा नाही म्हणे, मारामाऱ्या करतो. म्हटलं, चला, घरात एकाची भर पडली तशी दोघांची. पण मी काही बोलले का? उलट दुसऱ्याच आठवड्यात ही एवढी टाकी कुणी आणवली? मी. माझ्या हौसेनं. दिवा, पंप, खाली रंगीत खडे, सगळं. सुनेचा मासा आमच्या घरात भांड्यात राहतोय असं कुणी म्हणायला नको. आणि आणली तशी भरली नळाखाली आणि उचलून टाकला त्याला आत. धप्पकन! तुमची लेक धावत आली, ‘आई, असं एकदम नाही, आधी पिशवीत ठेवून पाण्यावर तरंगू द्यायचं, मग थोडं थोडं नवं पाणी त्याच्या पाण्यात मिसळायचं, त्याला सवय व्हायला वेळ लागतो...’ मी म्हटलं, अगं, मासा आहे, जावई आहे का? हसले सगळे. आमचे हे हसले, चिरंजीव हसले. ती – हो, तीही हसली असेल. मी बघितलं नाही.

चहा आवडला नाही का? पत्तीच ना? म्हटलं ना, सांगते.

आमच्या ह्यांचं तर काय विचारता! रिटायर्ड माणूस, हाताला काम नाही. त्यांना कुठूनसा शोध लागला की माशाला आरसा दाखवला की तो अंग फुलवतो, कल्ले ताणतो, नाचतो. झालं. घरी कुणी आलं की हे दाढीचा आरसा घेऊन टाकीपुढे हजर. ‘बघा, बघा आमच्या माशाची करामत!’ पाहुणे टाळ्या वाजवताहेत, मासा आपल्याच तोंडाशी भांडून दमतोय, आणि आमचे हे अंगावर मूठभर मांस चढवून घेताहेत. तुमची लेक म्हणायची, ‘बाबा, तो नाचत नाही, घाबरलाय, त्याला वाटतं दुसरा मासा आलाय घरात घुसायला.’ ‘अगं, मजा वाटते त्याला,’ हे म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी हाताखालच्या माणसांना असंच सांगितलं, तुम्हाला मजा वाटतेय म्हणून. आता आरसा मी काढून घेतलाय. दाढी अंदाजानं करतात. आत आले की हनुवटीकडे बघू नका, लाजतात.

मी? मी काय केलं? मी साफसफाई केली, दुसरं काय करणार? जन्म गेला माझा सर्जिकल वॉर्डात. हेड सिस्टर होते, विहीणबाई. माझ्या वॉर्डात माशी यायची तर पाय पुसून यायची. डॉक्टर लोक मला बघून नखं तपासायचे. आता त्या डोळ्यांना शेवाळ दिसलं तर ते काय पूजा करणार त्याची? मी टाकी रिकामी केली, खडे उकळले, काच घासली, तो फिल्टरमधला बुळबुळीत स्पंज – शी! – साबणाच्या पाण्यात खळखळून धुतला, पांढराशुभ्र केला. दर रविवारी. तुमची लेक काकुळतीला यायची, ‘आई, सगळं पाणी एकदम नका बदलू, त्या स्पंजातच चांगले जंतू असतात.’ चांगले जंतू! मला! सर्जिकल वॉर्डाच्या सिस्टरला! मी म्हटलं, बाई, तुझं वय आहे तेवढी माझी नोकरी झालीय, मला अजून चांगला जंतू भेटलेला नाही.

आणि तो फेस. रोज सकाळी बघावं तर टाकीच्या कोपऱ्यात पाण्यावर फेस. बारीक बारीक बुडबुडे, चिकट, एकाला एक लागलेले, साबण नीट निघाला नाही की मोरीत राहतो ना, तसला. मी रोज चहाची गाळणी घ्यायची आणि तो फेस काढून टाकायची. रोज. सकाळी उठायचं, दात घासायचे, फेस काढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. म्हटलं, हा मासा आहे का लाँड्री? पण मीही हटणारी नव्हे. तो फेस करतोय, मी काढतेय, तो करतोय, मी काढतेय. शेवटी थकला. करायचा बंद झाला. मी म्हटलं, चला, लागली शिस्त.

...काय? टेबल? कुठलं टेबल? – हां. तेही सांगितलं तिनं तुम्हाला? बरं. बरं बरं. लेकी आईला सगळं सांगतात, मला लेक नाही, मला कसं कळणार. अहो, टेबलावर पसारा असायचा तिच्या! कागद, रंग, कापडाचे तुकडे, अर्धवट शिवलेलं काहीबाही, कात्री उघडीच. ती ऑफिसला गेली की मी आवरून ठेवायची. रोजच. कपाटही लावून द्यायची, साड्या एका बाजूला, बाकीचं एका बाजूला. यात वाईट काय केलं सांगा? लोकांच्या सासवा हात लावत नाहीत सुनेच्या कामाला, मी तिला एक काडी उचलू दिली नाही. संध्याकाळी यायची, टेबलाकडे बघायची, पुन्हा सगळं मांडायची. मग हळूहळू मांडायची बंद झाली. मी म्हटलं...

असो. बिस्किट घ्या.

मग तो दिवस. मी गाळणी घेऊन टाकीपाशी, म्हणजे बऱ्याच दिवसांनी परत थोडा फेस आला होता, बोटभरच – आणि ती मागून आली. माझ्या हातातली गाळणी घेतली. ओढली नाही हं, खोटं का बोलू, हळूच काढून घेतली. आणि म्हणाली, ‘आई, तो घाण नाही करत. घरटं आहे ते. नर असतो ना, त्याला जागा आपली वाटायला लागली की तो तोंडातनं एक एक बुडबुडा सोडून घरटं बांधतो.’ बस. एवढंच बोलली. आवाज चढवला असता तर मी दोन शब्द सुनावले असते, भांडण झालं असतं, भांडण झालं की मिटतं तरी. पण नाही, तुमची लेक शहाणी! गाळणी विसळली, जागेवर ठेवली, आणि सकाळी बॅग घेऊन म्हणाली, चार दिवस जाऊन येते.

मला काय स्वप्न पडलं होतं? माशाचं घरटं कुणी ऐकलंय? घरटं पक्ष्यांचं असतं. माशानं बांधायचं तर पाटी लावायची, इथे काम चालू आहे म्हणून!

आणि मग ती गेल्यावर याची नाटकं सुरू. खाईना. तळाशी पडून राहिला, ती एवढी शेपटी मिटून, रंग उतरलेला, दोरा सुटलेल्या बटणासारखा. चिरंजीव म्हणाले, ‘आई, मासेच ते, मरतात.’ असं म्हणणाऱ्याला मी जन्म दिलाय, विहीणबाई. सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडे येऊन पाहुण्यासारखा बसतो ना, हातात फळांची पिशवी घेऊन? तोच. मी म्हटलं, माझ्या वॉर्डात पेशंट असा नाही जाणार. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. अहो, नर्सला ड्यूटी बदलताना सगळं एकदाच सांगतात, पुन्हा कुणी सांगत नाही. तुमच्या लेकीचं बोलणं मी मनावर घेतलं नसेल, पण कान काही बंद नव्हते माझे. सगळं आठवत होतं. शब्दन् शब्द. पाणी थोडंच बदलायचं. नळाचं असेल तर त्यात ते क्लोरीन मारायचे थेंब घालायचे आणि आतल्याइतकंच कोमट करून घ्यायचं. स्पंज धुवायचा तर टाकीतनंच काढलेल्या पाण्यात, नुसता पिळायचा. पंप बारीक ठेवायचा, एवढी शेपटी घेऊन त्याला प्रवाहात पोहवत नाही. खायला दोन-चार दाणे, पोट फुगतं नाहीतर. वर झाकण, उडी मारतो. आणि झाकण आणि पाणी यांच्यात जागा सोडायची, तो वर येऊन हवा घेतो. ते रुंद पान बघितलंत? त्याला टेकायला. दमला की पानावर आडवा होतो, आमच्या ह्यांच्यासारखा. सगळं तिनं सांगितलेलंच. मी फक्त केलं. उशिरा केलं, पण केलं.

किती शांत असतं हो घर आता. पंपाचा आवाज ऐकू येतो. पूर्वी नाही यायचा.

तर गाळणी. परवा सकाळी उठले, टाकीकडे बघितलं, त्या पानाखाली कोपऱ्यात – नाही, उठू नका, तिथूनच दिसेल. मान वाकडी करा. दिसलं? बुडबुडे. तळहाताएवढं झालंय. माझा हात आपोआप गाळणीकडे गेला, विहीणबाई, सवय असते हाताला. म्हणून मग मी गाळणी कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली ह्यांच्याकडे दिली, म्हटलं, मी मागितली तरी द्यायची नाही. त्या दिवसापासून हे घर पत्तीसकट चहा पितंय. ह्यांच्या दातांत अडकते. अडकू दे. तिच्या टेबलालाही हात लावलेला नाही मी. बोटभर धूळ बसलीय, मला त्या खोलीसमोरून जाताना डोळे मिटून जावं लागतं, परवा दारावर आपटले.

आणा ती बरणी बघू. – हं. वाटलंच. घासून आणलीत ना? लिंबाच्या वासाच्या साबणानं? छान घासलीत हो, लखलखतेय, माझ्या वॉर्डात चालली असती. पण यात त्याला घातला तर तुमच्या घरी पोचेपर्यंत तरंगत असेल. रागावू नका, आपण दोघी एकाच शाळेतल्या. आणि समजा बरणी चांगली असती, तरी मासा तेवढा बरणीत मावेल. ते वरचं कशातनं नेणार? फेस नेता येतो का कुठे उचलून?

तेव्हा मासा मिळणार नाही. तिला सांगा, सासूनं दिला नाही. वाईटपणा मला नवा नाही, आणखी थोडा घेतला तर काही वजन वाढत नाही. तिचा मासा आहे, तिला पाहिजे तर तिनं येऊन न्यावा. न्यायला ये म्हणा. राहायला ये असं मी म्हटलेलं नाही. म्हटलं का मी? तुम्हाला तसं ऐकू आलं असेल तर तो तुमच्या कानांचा प्रश्न. आणि हे बघा, बाकी काही सांगू नका. मी हे बोलले, ते बोलले, घर शांत-बिंत आहे, काही नाही. फक्त एवढं सांगा, की फेस पुसलेला नाही. एवढंच. तिला कळेल.

डोळ्यांत काय गेलं तुमच्या? पत्ती डोळ्यांत जात नाही, विहीणबाई. उठा, उठा, तुम्हाला उशीर होईल. ही घ्या बरणी. आणि दार ओढून घेताना जरा हळू. आपटू नका. धक्का बसला की ते फुटतं.